परग्रहावरच्या जिवाला नेमकं काय लागेल?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: शास्त्रज्ञ परग्रहावर जीव शोधताना पाणी, ऑक्सिजन, बेताचं तापमान हेच का शोधतात? आपल्याला जे लागतं तेच दुसऱ्यालाही लागेल असं धरून चालणं म्हणजे कोती नजर नाही का? तिकडचे जीव वेगळ्याच परिस्थितीत, वेगळ्याच पदार्थाचे बनलेले असू शकणार नाहीत का? आणि तसे असले, तर ते आपल्याला ओळखू तरी येतील का?

मी सूक्ष्मजीवशास्त्रात आहे. खाऱ्या आणि अल्कधर्मी पाण्यातले जिवाणू वाढवणं आणि त्यांचा स्वभाव समजून घेणं हे गेली 22 वर्षं माझं काम आहे. दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचं वातावरण कसं मोजतात हा माझा प्रांत नाही, त्यामुळे त्यावर बोलणार नाही. पण जीव काय सोसतो आणि कुठे हात टेकतो हे मी रोज बघते, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे असं मला वाटतं.

तुमची शंका अर्धी बरोबर आहे. ऑक्सिजन, ऊन, बेताचं तापमान, गोडं पाणी यांपैकी एकही गोष्ट जिवाला मुळातून लागत नाही. त्याचे पुरावे शोधायला पृथ्वीबाहेर जायची गरज नाही, बुलढाणा जिल्ह्यात गेलं तरी पुरे. पण म्हणून "काहीही चालेल" हेही खरं नाही. काही अटी अशा आहेत की त्या आपल्या सवयीतून आलेल्या नाहीत, रसायनशास्त्रातून आलेल्या आहेत, आणि रसायनशास्त्र सगळीकडे एकच आहे. कुठली अट कुठल्या खात्यातली हे वेगळं करता आलं, की प्रश्न बराच सुटतो.

त्याआधी एक गुंता सोडवू. "परिस्थिती" या एका शब्दात आपण तीन प्रश्न कोंबतो. जीव कशात तग धरतो, कशात वाढतो, आणि मुळात कशात सुरू होतो. ज्वारीचं बी कणगीत वर्षभर कोरडं पडून राहतं, ते झालं तगणं. ओल मिळाली की कोंब फुटतो, ती झाली वाढ. आणि ज्वारी नावाची गोष्ट जगात पहिल्यांदा कशी आली, हा तिसराच प्रश्न. परग्रहावरच्या जिवाबद्दल आपण वाचतो त्यातला निम्मा गोंधळ या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

आता बुलढाण्यातलं लोणार. बेसॉल्टच्या काळ्या खडकात उल्कापाताने झालेलं हे विवर साधारण 1.8 किलोमीटर रुंद आहे. तळाशी सरोवर आहे आणि त्याच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप, 10 च्या आसपास असतो (7 म्हणजे ना आम्ल ना अल्क). विवराच्या काठावरून झाडीतून खाली उतरलं की आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो. पाण्यात बोटं बुडवून चोळली तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागतात. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, त्याच जातीचे क्षार या पाण्यात भरपूर आहेत.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पहिल्यांदा तिथलं पाणी आणलं, तेव्हा महाविद्यालयात सवयीचं झालेलं साधं न्यूट्रिएंट अगार, म्हणजे प्लेटमध्ये गोठवलेलं जिवाणूंचं खाद्य, वापरलं, पीएच 7 चं. तीन दिवसांनी प्लेटांवर बोटावर मोजण्याइतक्या वसाहती. मी वहीत लिहिलं, "जिवाणूंची संख्या अत्यल्प." आमच्या मार्गदर्शक मॅडमनी वही वाचली, काही बोलल्या नाहीत. बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला सांगितलं. थेंब जिवांनी नुसता वळवळत होता. मग म्हणाल्या, "पाण्यात जीव कमी नाहीत गं. तू जे ताट वाढलंयस ते त्यांना खाता येत नाही."

मग त्यांनी मला माध्यम कसं करायचं ते शिकवलं. सोडियम कार्बोनेटचं द्रावण वेगळं ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचं, अगार वेगळं, आणि दोन्ही हाताला सोसण्याइतकी निवली की एकत्र करून लगेच ओतायचं. एकत्रच शिजवलं तर अल्कामुळे अगार मोडतं, धड गोठत नाही, आणि प्लेट उलटी केली की सगळं ओघळतं. त्या नव्या प्लेटांवर दोन दिवसांत मुंगी शिरायला जागा राहिली नाही. त्यातल्या पुष्कळ जिवाणूंना मी नंतर मुद्दाम पीएच 7 वर नेऊन बघितलं, ते वाढलेच नाहीत. आपलं साधं नळाचं पाणी हीच त्यांच्यासाठी बिकट जागा होती. परग्रहावरच्या जिवाबद्दल कोणी बोलायला लागलं की मला आजही त्या रिकाम्या प्लेटा आठवतात. त्यांच्याकडे मी शेवटी परत येईन.

आता एकेक अट तपासू.

ऑक्सिजन. लोणारच्या काठाजवळचा काळा गाळ काढला तर त्यात मिथेन तयार करणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशी जीव, असतात. त्यांना ऑक्सिजन लागत नाही एवढंच नव्हे, त्यांच्यासाठी तो विष आहे. त्यांना वाढवताना नळीतली हवा काढून नायट्रोजन भरतो आणि माध्यमात रेझाझुरिन नावाचा रंग घालतो. ऑक्सिजनचा अंश असेपर्यंत नळी गुलाबी दिसते, तो पुरता गेला की पाण्यासारखी रंगहीन होते. गुलाबी छटा राहिलेल्या नळीत काही पेरणं व्यर्थ असतं. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन लक्षणीय प्रमाणात आला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, आणि जिवाच्या खुणा त्याच्या कितीतरी आधीच्या, जवळजवळ 350 कोटी वर्षं जुन्या खडकांत मिळतात. म्हणजे पृथ्वीवरच जीव शंभर कोटी वर्षं ऑक्सिजनवाचून नांदला. "इथल्यासारखी परिस्थिती" म्हणताना इथली म्हणजे कधीची, हेही विचारायला हवं. तेव्हाच्या पृथ्वीवर तुम्ही-मी काही मिनिटंसुद्धा जगलो नसतो.

ऊन. दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत 2.8 किलोमीटर खोलीवरच्या भेगांतल्या पाण्यात एक जिवाणू सापडला, डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. 2008 मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्सारामुळे पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन सुटतो, आणि हा जिवाणू त्या हायड्रोजनवर आणि सल्फेटवर जगतो. सूर्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडेही कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खडकात खोल छिद्रं पाडली, तेव्हा बेसॉल्टच्या खालच्या ग्रॅनाइटमधून आलेल्या नमुन्यांत सूक्ष्मजीवांचा माग मिळाला. 1977 मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळाशी उष्ण पाण्याच्या झऱ्यांभोवती प्राण्यांची दाटी सापडली, ते उदाहरण नेहमी दिलं जातं. मी ते जरा जपून वापरते, कारण तिथले मोठे कृमी आणि शिंपले जो ऑक्सिजन वापरतात तो शेवटी वर उन्हात तयार झालेलाच असतो. खाणीतला जिवाणू हा जास्त स्वच्छ पुरावा आहे.

तापमान. थॉमस ब्रॉक यांनी 1960 च्या दशकात यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून थर्मस अ‍ॅक्वाटिकस वेगळा केला. साधारण 70 अंशांवर सुखाने वाढणारा हा जिवाणू. त्याचं एक विकर (एन्झाइम) नसतं तर कोविडच्या काळात सगळ्यांच्या तोंडी झालेली पीसीआर चाचणी इतकी सोपी झाली नसती. आज नोंदलेली वाढीची वरची मर्यादा 122 अंश सेल्सिअस आहे, समुद्रतळाच्या दाबाखाली वाढणाऱ्या एका आर्कियाची. आमचा ऑटोक्लेव्ह 121 अंशांवर चालतो. ज्या तापमानाला आम्ही "निर्जंतुक झालं" असं म्हणून भांडं बाहेर काढतो, त्याच्याही वर एक अंश तो वाढतो.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. लोणारमधल्या जिवाणूच्या बाहेर पीएच 10 असतो, पण पेशीच्या आत तो तेवढा नसतो. आतला पीएच तो बराच खाली, आपल्या पेशींच्या जवळपास राखतो, आणि त्यासाठी सतत ऊर्जा खर्च करतो. बाहेर क्षारांचा कल्लोळ, आत मात्र तेच जुनं स्वयंपाकघर: तेच डीएनए, तीच प्रथिनं, ऊर्जा वाहणारं तेच एटीपी. आम्ल किंवा अल्क भिंतीबाहेर अडवता येतं. उष्णता अडवता येत नाही, ती आत येतेच, म्हणून उष्णतेचे जीव स्वतःची प्रथिनंच घट्ट विणीची करतात. आणि तीही एका हद्दीपर्यंतच. पाण्यात राहणाऱ्या कार्बनी रेणूंचे बंध तापमान वाढत गेलं की पेशीला दुरुस्त करता येणार नाहीत इतक्या वेगाने तुटू लागतात. वरच्या मर्यादेचं कारण जिवाचा हट्ट किंवा सवय नव्हे, त्या बंधांची ताकद आहे.

तग धरण्याबद्दल थोडंच सांगते. जलअस्वल म्हणजे टार्डिग्रेड हे सूक्ष्म प्राणी 2007 मध्ये अवकाशाच्या निर्वात पोकळीत ठेवले, त्यातले काही परत येऊन जिवंत झाले. डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने इस्रोने 2005 मध्ये हैदराबादहून फुगा सोडून 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांमध्ये ते नमुने तपासले, त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, अतिनील किरणं चांगली सोसणाऱ्या. मी त्या कामाकडे आदराने बघते. पण त्या जाती आपल्या ओळखीच्या कुळांतल्याच आहेत, आणि त्या उंचीवर त्या तगून होत्या एवढंच त्यातून कळतं. कणगीतल्या बियांवरून शेताची परीक्षा होत नाही.

आता ज्या अटी मला खोडता येत नाहीत त्यांच्याकडे येते. माझ्या हिशेबी त्या तीन आहेत: रेणूंना फिरायला एखादा द्रव, वापरता येईल अशी ऊर्जा, आणि गुंतागुंतीचे पण मोडता-जोडता येणारे रेणू बनवणारं एखादं मूलद्रव्य. ऊर्जेबद्दल वाद नाही, हायड्रोजनपासून उन्हापर्यंत काहीही चालतं. खरा वाद द्रवाबद्दल आणि मूलद्रव्याबद्दल आहे.

पाणी असणं वेगळं आणि जिवाला पाणी मिळणं वेगळं, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. कैरीच्या लोणच्याच्या खारात पाणी असतं, दिसतं. तरी मीठ बरोबर पडलं असेल तर लोणचं वर्षभर टिकतं, कारण ते पाणी मिठाने धरून ठेवलेलं असतं, बुरशीला ओढून घेता येत नाही. आम्ही याला जलक्रियता म्हणतो. शुद्ध पाण्याची 1, बहुतेक जिवाणू 0.9 च्या खाली थांबतात, मध साधारण 0.6. आजवर नोंदलेली सगळ्यांत खालची मर्यादा सुमारे 0.585, एका बुरशीची. शुक्राच्या ढगांमध्ये सल्फ्युरिक आम्लाचे थेंब आहेत, त्यांची जलक्रियता 2021 मध्ये हिशेबाने काढली ती 0.004 च्या आसपास. शुक्रावर फॉस्फिन हा पृथ्वीवर जिवांशी जोडला जाणारा वायू सापडल्याची बातमी 2020 मध्ये आली आणि पुष्कळांनी तिथल्या ढगांत जिवाणू कल्पून टाकले. मी तेव्हापासून साशंक आहे, त्याचं कारण हा आकडा.

पृथ्वीवरच याचं उदाहरण आहे. इथिओपियात डालोल नावाच्या जागी हिरवी-पिवळी, उकळती, आम्लाची आणि मिठाची डबकी आहेत. 2019 मध्ये तिथल्या नमुन्यांचा कसून अभ्यास झाला. सगळ्यांत आम्लधर्मी आणि खारट डबक्यांत वाढणारा जीव सापडला नाही. पाणी द्रवरूपात आहे, उष्णता सोसवणारी आहे, आसपास सगळीकडे जीव आहेत, निदान साडेतीनशे कोटी वर्षांची उत्क्रांती पाठीशी आहे, आणि तरीही आत प्रवेश नाही. "जीव कुठेही वाट काढतो" असं कोणी म्हणालं की मी डालोल सांगते.

मूलद्रव्याबद्दल लोक हमखास सिलिकॉन विचारतात, कारण आवर्तसारणीत तो कार्बनच्या बरोब्बर खाली आहे आणि चार बंध करतो. मला इथे पृथ्वीचीच साक्ष पुरेशी वाटते. भूकवचाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग वजनाने सिलिकॉन आहे, कार्बन त्यात अगदी किरकोळ. घरात सिलिकॉनचे डोंगर रचलेले असताना जिवाने कार्बन उचलला. असं नाही की जिवाला सिलिकॉन वापरता येत नाही. भाताच्या तुसाची राख बहुतांशी सिलिकाच असते, गवताच्या पात्याने बोट कापतं त्यातही सिलिकाचा हात आहे, डायाटम नावाची एकपेशी शेवाळं तर काचेची डबी करून तिच्यात राहतात. म्हणजे जीव त्याची भिंत बांधतो, पण त्यापासून चयापचय चालवत नाही. कारण साधं आहे. कार्बन ऑक्सिजनशी जुळला की वायू होतो, पाण्यात विरघळतो, परत उचलता येतो. सिलिकॉन ऑक्सिजनशी जुळला की वाळू होते, आणि वाळू झाली की खेळ संपतो. पाण्याच्या जगात सिलिकॉनचा जीव मला शक्य वाटत नाही.

आणि पाण्याबाहेरच्या जगात? इथे मी जास्त सावध होते. शनीच्या टायटन या चंद्रावर ह्युजेन्स यान 14 जानेवारी 2005 ला उतरलं. तिथे उणे 179 अंश तापमान आहे, मिथेनचा पाऊस पडतो, मिथेन-इथेनची सरोवरं आहेत. द्रव आहे, कार्बनी रेणूंची रेलचेल आहे, ऊर्जेची शक्यता आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे द्रव मिथेनमध्ये मोठे रेणू फारसे विरघळत नाहीत, आणि दुसरी म्हणजे त्या थंडीत रासायनिक क्रिया इतक्या सावकाश होतात की पृथ्वीवरच्या एका दिवसाचं काम व्हायला तिथे युगं लागतील. आपल्या पेशीचं आवरण स्निग्ध रेणूंचं असतं, ते मिथेनमध्ये बनणारच नाही. 2015 मध्ये काही संशोधकांनी संगणकावर अ‍ॅक्रिलोनायट्राइल या रेणूचं पर्यायी आवरण कल्पून दाखवलं. 2017 मध्ये तो रेणू टायटनच्या वातावरणात सापडलासुद्धा. मला तेव्हा खरोखर आनंद झाला होता. 2020 मध्ये दुसऱ्या गणिताने दाखवलं की तो रेणू तिथे आपोआप आवरण करणार नाही, त्याचे स्फटिकच होतील. माझं मत असं, की टायटनवर जीव असेल तर तो आपल्याहून खरोखर वेगळा असेल, पण असण्याची शक्यता मी कमी धरते.

पदार्थ बदलून बघण्याचा एक धडा आमच्याच क्षेत्रात मिळाला. कॅलिफोर्नियातलं मोनो लेक हे लोणारच्या जातीचं सोड्याचं, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं, सरोवर आहे, त्यात आर्सेनिक भरपूर. डिसेंबर 2010 मध्ये बातमी आली की तिथल्या एका जिवाणूने डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक बसवलं. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी कोणी काम केलं नाही, दिवसभर चर्चाच. पण एक प्रश्न पहिल्या तासापासून टोचत होता: आर्सेनेटचा बंध पाण्यात भराभर तुटतो, फॉस्फेटचा मात्र दीर्घकाळ टिकतो. मग असा डीएनए उभा कसा राहील? 2012 मध्ये इतरांनी तपासलं. त्या जिवाणूला फॉस्फेट लागतंच होतं, माध्यमात अगदी थोडं होतं ते तो शोधून शोधून उचलत होता आणि आर्सेनेट बाहेर ठेवत होता. मूळ शोधनिबंध नियतकालिकाने 2025 मध्ये मागे घेतला. आर्सेनिकच्या पाण्यात राहूनही त्याने आर्सेनिक घेतलं नाही, ही गोष्ट मला मूळ बातमीपेक्षा मोठी वाटते.

आणि फॉस्फेटवरूनच माझ्या आवडीच्या जागेकडे येते. शनीचा दुसरा एक चंद्र, एन्सेलाडस, जेमतेम 500 किलोमीटर व्यासाचा. बर्फाच्या कवचाखाली समुद्र आहे आणि दक्षिण ध्रुवाकडच्या भेगांतून त्याचे फवारे बाहेर उडतात. कॅसिनी यानाने ते 2005 मध्ये पाहिले आणि पुढे त्यांतून उड्डाणही केलं. 2017 मध्ये फवाऱ्यात हायड्रोजन असल्याचं जाहीर झालं. 2023 मध्ये त्यातल्या बर्फकणांत फॉस्फेट मिळालं, आपल्या समुद्राच्या मानाने निदान शंभर पट. एवढं कुठून आलं? कारण ते पाणी सोड्याचं आहे. कार्बोनेट भरपूर असलं की कॅल्शियम त्याच्याशी जुळून खाली बसतं, मग फॉस्फेटला धरून ठेवायला कॅल्शियम उरत नाही आणि ते पाण्यात मोकळं राहतं. लोणारसारख्या सरोवरांचं हेच रसायन. तो शोधनिबंध वाचताना मला बोटांना लागणारा तो बुळबुळीतपणा आठवला. अब्जाहून अधिक किलोमीटरवरच्या समुद्राचं पाणी आपल्या विवरातल्या पाण्याच्या नात्यातलं आहे. द्रव आहे, ऊर्जा आहे, कार्बन आहे, फॉस्फेट आहे. माझे काही जिवाणू तिथे नेऊन सोडले तर ते वाढतीलही, असं मला वाटतं.

पण म्हणून तिथे जीव आहे असं होत नाही, आणि इथे तिसरा प्रश्न आडवा येतो. जीव सुरू व्हायला काय लागतं? रेणू एकमेकांना जोडले जाताना पाणी बाहेर पडावं लागतं, त्यामुळे कायम पाण्यात बुडालेल्या जागी ते अवघड आहे. एक मत असं की भिजणं आणि वाळणं आलटून पालटून व्हायला हवं, म्हणजे जमीन आणि डबकी हवीत. दुसरं मत समुद्रतळाच्या अल्कधर्मी झऱ्यांच्या बाजूचं. लोणारच्या काठावर उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि पांढऱ्या क्षाराची खपली धरते, ती नखाने उचलता येते. पावसाळ्यात ती विरघळते. 2019 मध्ये असा विचार मांडला गेला की फॉस्फेट साठवणारी अशीच सोड्याची सरोवरं जिवाच्या आरंभाची जागा असू शकतील. माझा कल डबक्यांकडे आहे, पण सोड्याच्या पाण्यात इतकी वर्षं घालवल्यावर तो तसा असणारच, हे लक्षात घेऊन वाचा. ते मत खरं ठरलं, तर एन्सेलाडससारख्या जमीन नसलेल्या जगात राहायला सगळी सोय आहे आणि जन्मायला जागा नाही, असं निघू शकतं. भिजतं-वाळतं डबकं मंगळावर एके काळी होतं. म्हणून जीव राहण्याच्या दृष्टीने आज मंगळ कोरडा आणि वाईट असला, तरी आरंभाच्या दृष्टीने मी त्याला एन्सेलाडसच्या वर ठेवते.

इथवरचा हिशेब एकदा मांडते. ऑक्सिजन, ऊन, बेताचं तापमान, बेताचा पीएच: नाही लागत, पृथ्वीवरच नाही लागत. ऊर्जा आणि कुठला तरी द्रव: लागणारच. कार्बन: जवळजवळ नक्की. पाणी: बहुधा, पण इथे मी पैज लावणार नाही. चार अक्षरांचा हाच डीएनए, हीच वीस अमिनो आम्लं: हे लागायचं काही कारण मला दिसत नाही. आणि या सगळ्यावर एक मर्यादा आहे. पृथ्वीवरचा सगळा जीव, लोणारच्या गाळापासून आपल्यापर्यंत, एकाच पूर्वजाचा वंश आहे. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो खरी, पण आपल्या हातात शीत एकच आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: ओळखू येईल का? इथे मी त्या रिकाम्या प्लेटांकडे परत येते. 1976 मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीवर पोषक द्रवाचे थेंब टाकले आणि वायू निघतो का बघितलं. वायू निघाला. पण माती तापवून कार्बनी रेणू शोधणाऱ्या दुसऱ्या उपकरणाला मातीचे स्वतःचे असे काही मिळाले नाहीत, म्हणून बहुतेकांनी जीव नाही असा निष्कर्ष काढला. 2008 मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा ऑक्सिजन भरलेला क्षार सापडला, आणि मग लक्षात आलं की परक्लोरेट असलेली माती तापवली की त्यातले कार्बनी रेणू जळून जातात. व्हायकिंगला जीव सापडला होता असं मी म्हणत नाही, त्या वायूचं कारणही मातीतलं रसायन असू शकतं. पण ताट आपलं होतं, पाहुणा कोण ते ठाऊक नव्हतं, आणि स्वयंपाकाच्या रीतीनेच पुरावा बिघडण्याची सोय होती.

म्हणून आता शोधण्याची रीत बदलते आहे. "त्याला काय आवडतं" हे ठरवून वाढण्यापेक्षा "त्याने काय निवडलं" हे बघायचं. निर्जीव रसायन सगळं थोडं थोडं बनवतं, साधे रेणू जास्त, मोठे कमी, अशी उतरती रांग. जीव तसं करत नाही. तो मोजके रेणू निवडतो आणि तेच पुन्हा पुन्हा बनवतो. आमच्या मापनयंत्रावर उल्केतली अमिनो आम्लं लावली तर सुरुवातीला उंच आणि पुढे खाली जाणारी ओळ दिसते, पेशींमधली लावली तर मध्येच उंच सुळके. कार्बन असो वा नसो, निवड ओळखता येते. नासाचं ड्रॅगनफ्लाय यान 2028 मध्ये टायटनकडे निघायचं आहे, त्यावरचं उपकरण साधारण याच नजरेने रेणू बघेल.

दुसरी खूण हातांची. अमिनो आम्लं दोन आकारांत येतात, डाव्या आणि उजव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा. प्रयोगशाळेत साध्या पद्धतीने बनवली तर दोन्ही निम्मी निम्मी मिळतात. पृथ्वीवरचा जीव प्रथिनांसाठी फक्त डावी वापरतो. एन्सेलाडसच्या फवाऱ्यातून बर्फकण आणले आणि त्यात दोन्ही हात सारखे निघाले, तर मी ते निर्जीव रसायन समजेन. सगळी डावी निघाली तर मला आनंद होईल, पण आधी आपलीच घाण यानावरून तिथे गेली का हे तपासेन, आणि मग एकाच मुळाचा जीव दोन्हीकडे पसरला का असं विचारेन. पण समजा सगळी उजवी निघाली. ती आपली असूच शकत नाहीत. तो जीव पाण्यातच असेल, कार्बनचाच असेल, कदाचित पीएच 10 च्या सोड्यातच असेल, म्हणजे परिस्थिती ओळखीची, आणि तरी त्याचा आरंभ आपल्याशी काडीचाही संबंध नसलेला. तेव्हा आपल्या हातात दुसरं शीत येईल.